केबल बंद पडली तेव्हा आपण काय म्हणालो?

"बरंच झालं टीव्ही बंद पडला. आता तरी बाया दोन पुस्तकं वाचतील."

हे वाक्य आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचं आहे. १९ फेब्रुवारी २०२३, शिवजयंतीचा रविवार. सकाळचा कार्यक्रम आटोपून संध्याकाळी उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या विहारात १४ एप्रिलच्या तयारीची पहिली बैठक बसली होती. वर्गणी, मिरवणूक, भोजनदान हे विषय सुरू होते आणि मागच्या सतरंजीवरच्या बाया मात्र आदल्या दिवसापासून काळ्या पडलेल्या टीव्हीबद्दल कुजबुजत होत्या. भाऊ वैतागले आणि वरचं वाक्य बोलले. पुरुष हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला नंतर लाज वाटली, म्हणून हा लेख.

आधी घडलं काय ते सांगते, कारण त्या आठवड्यात वस्तीत कुणालाच ते नीट माहीत नव्हतं. केबलवालाही "वरूनच बंद हाय" यापलीकडे काही सांगू शकत नव्हता.

शनिवारी, १८ फेब्रुवारीला, डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तीन मोठ्या प्रसारकांनी नव्या करारावर सही न केलेल्या केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले. या केबल कंपन्यांची संघटना आहे ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशन. तिच्या म्हणण्याप्रमाणे देशातल्या साडेचार कोटींच्या आसपास घरांना याचा फटका बसला. भांडण दराचं होतं. पॅकमध्ये घालता येईल अशा वाहिनीची जास्तीत जास्त किंमत १९ रुपयांवरून १२ रुपयांवर आणायचं 'ट्राय'ने २०२० मध्ये ठरवलं होतं. ते कोर्टकचेरीत अडकलं आणि २२ नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीने मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर गेली. १ फेब्रुवारी २०२३ पासून नवे दर लागू होणार होते. केबल कंपन्या म्हणाल्या, या दरांनी ग्राहकाचं बिल वाढेल आणि तो पळेल. त्या कोर्टात गेल्या. प्रसारक म्हणाले, आम्ही कित्येक वर्षं दर वाढवलेले नाहीत, बाकीच्यांनी सह्या केल्या, तुम्हीही करा. पाच-सहा दिवस हे चाललं. मग सह्या झाल्या आणि चित्र परत आलं.

या सगळ्यात ग्राहक कुठे होता? कोर्टात दोन्ही बाजू त्याचं नाव घेत होत्या. ज्या कागदावर सही करायची की नाही यावरून भांडण होतं, त्या कागदावर त्याचं नाव नव्हतं. पैसे मात्र त्याने महिन्याच्या सुरुवातीलाच भरलेले होते.

आमच्या गल्लीत एक मावशी राहते. तीन घरी भांडी घासते. नवरा गेला, मुलगा पुण्याला कंपनीत कंत्राटी कामाला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारावरून जात होते तर तिने हाक मारली.

"ताई, तू शिकलेली हाय, तूच सांग. पैसे त म्या पाच तारखेलेच देल्ले. मंग माहा टीव्ही काऊन बंद?"

मी तिला प्रसारक, एमएसओ, करार असं काहीतरी सांगायला लागले. तिने मध्येच थांबवलं. "थे त्यायचं भांडन हाय ना? मंग त्यायनं आपसात भांडावं. माह्या पैशाचं काय?"

मित्रांनो, साडेचार कोटी घरांचा प्रश्न तिने दोन वाक्यांत मांडला. मला तो कळायला अख्खा लेख लिहावा लागतोय.

पुस्तकांचं म्हणाल तर मावशी दुसरीपर्यंत शिकली. बसचा बोर्ड वाचते. सकाळी सहाला निघते, दुपारी येते, पुन्हा चारला जाते. संध्याकाळी साडेसात ते नऊ हा तिचा एकुलता एक वेळ, जेव्हा तिला कुणी काही करायला सांगत नाही. त्या वेळात ती बसून मालिका बघते. "मोबाईलवर बघायचं ना" असं तरुण मुलं सहज म्हणतात. मावशीचा मोबाईल बटणाचा आहे. ज्या घरांत स्मार्टफोन आहे तिथेही तो एकच असतो. दिवसा तो नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि रात्री मुलांच्या हातात असतो. बाईच्या वाट्याला भिंतीवरचा टीव्हीच येतो.

मालिकांची वकिली मी करत नाही. समाजशास्त्राच्या एम.ए.ला मी याच विषयावर पानंच्या पानं लिहून चांगले मार्क मिळवले आहेत. त्या मालिकांमधली घरं कुणाची असतात, आडनावं कोणती असतात, देव्हाऱ्यात कोण असतं आणि आपल्या बाया त्यात कुठे असतात (असल्याच तर भांडी घासताना), हे वेगळं सांगायला नको. पण माल वाईट आहे म्हणून त्याच्या खरेदीत गरीब गिऱ्हाइकाला फसवलं तरी चालेल, हा कुठला न्याय? रेशनचा तांदूळ जाडा असतो म्हणून मापात मारलं तर आपण तहसीलवर मोर्चा नेतो.

आणि टीव्हीवर सगळंच परकं असतं असंही नाही. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली होती. १०० वाहिन्यांसाठी नेटवर्कचं भाडं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या वाहिन्या हव्या असतील तर त्यांचे वेगळे. वस्तीतल्या निम्म्या घरांनी तेव्हा पैशाच्या वाहिन्या काढून टाकल्या. मग मे महिन्यात स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली आणि त्याच घरांतल्या बायांनी केबलवाल्याला बोलावून पॅक परत जोडून घेतला. आमच्या बचत गटात एकीने हप्ता आठ दिवस उशिरा भरला आणि कारण सांगितलं, "बाबासाहेब लावून घेतले." मालिकेत काय बरोबर, काय चूक यावर आपण तेव्हा भरपूर वाद घातले. पण ते बघायला पैसे कुणी मोजले, हे आपल्या एकाही चर्चेत आलं नाही.

तर मी अर्ज लिहिला. बचत गटाच्या १४ जणींच्या सह्या घेतल्या. बंद झालेल्या वाहिनीचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे नाहीत असा नियम आहे, त्याचा उल्लेख केला. महिन्याचं बिल ३०० रुपये, त्यातून नेटवर्कचं भाडं वजा केलं, तुटलेल्या वाहिन्यांचा वाटा अंदाजाने शंभर धरला, दिवसांनी भागलं. घरटी वीस रुपये आले. एवढा मोठा कायदा वाचून वीस रुपये! पण वीस रुपयांत मावशीचा दोन दिवसांचा भाजीपाला येतो, आणि साडेचार कोटींना वीसने गुणलं तर नव्वद कोटी होतात. हा माझा कच्चा हिशेब आहे, कुठलाही अहवाल नाही. पण हिशेब कुणीतरी करायला हवाच होता.

अर्ज घेऊन आम्ही केबलवाल्याकडे गेलो. तो आमच्याच वस्तीतला मुलगा. वडिलांनी सुरू केलेली लाईन सांभाळतो, १४ एप्रिलला मिरवणुकीच्या लाईटचं काम फुकट करतो. "जय भीम ताई" म्हणून त्याने खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि ड्रॉवरमधून वही काढली.

त्या वहीने माझी बरीचशी अक्कल ठिकाणावर आणली. नेटवर्कच्या भाड्यातला ५५ टक्के वाटा वरच्या केबल कंपनीचा, ४५ टक्के त्याचा. रिचार्ज मारतानाच कंपनी आपले पैसे त्याच्या खात्यातून कापून घेते. गिऱ्हाईक उधारीवर असलं तरी कंपनीला त्याची उधारी चालत नाही. बंद पडलेल्या दिवसांचे पैसे वरून त्याला परत आले नव्हते. शिवाय त्या आठवड्यात सात घरांनी वैतागून छत्री बसवून घेतली होती. ती सात घरं त्याची कायमची गेली.

"ताई, तुमचं बराबर हाय," तो म्हणाला. "पन हे वीस रुपये मी माह्या खिशातून देऊ का?"

आणि त्याने ते दिलेही. पुढच्या महिन्यात आम्हा १४ जणींच्या बिलातून वीस-वीस रुपये वजा केले. अर्थात त्याच महिन्यात पॅक ३३० चा झाला होता. ज्या दरवाढीवरून भांडण पेटलं ती शेवटी आमच्याच बिलात येऊन बसली. आमची लढाई जिंकून आम्ही दहा रुपये जास्त भरले, आणि ज्याच्याकडून वीस रुपये वसूल केले तो या साखळीत आमच्याइतकाच खालचा. अर्ज लिहिताना मला फक्त तोच दिसत होता, कारण दार ठोठावता येईल असा तो एकटाच होता. प्रसारकाचं ऑफिस मुंबईत, केबल कंपनीचा कॉल सेंटरचा नंबर पंधरा मिनिटं गाणं वाजवतो. आपल्या चळवळीची ही जुनी सवय आहे. हाताशी असतो त्याची कॉलर आपण पटकन धरतो. मीही धरली.

खरा धक्का मात्र नंतर बसला. वजावट झाल्याचं सांगायला मी मावशीकडे गेले. ती खूश झाली, चहा ठेवला आणि सहज म्हणाली, "ताई, आपलं वंदनेचं चॅनेल बी त गेलं व्हतं मांगच्या पावसाळ्यात. तवा तू अर्ज काऊन नाही केला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते गेल्याचं मला माहीतच नव्हतं.

नागपुरातून आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा अशा वाहिन्या निघाल्या, त्यांचा आपल्याला अभिमान आहे. दीक्षाभूमीचा सोहळा, वंदना, भीमगीतं, भंतेजींचं प्रवचन टीव्हीवर दिसायला लागलं ते अशा वाहिन्यांमुळे. २०२० मध्ये कोरोनामुळे दीक्षाभूमीवर गर्दी होऊ दिली नाही, तेव्हा मावशीने पांढरी साडी नेसून टीव्हीसमोर बसून त्रिसरण-पंचशील घेतलं होतं, हे तिनेच मला सांगितलं. आमच्या केबलवर अशी एक वाहिनी होती. ती एक दिवस दिसेनाशी झाली. पट्टी नाही, सूचना नाही, कोर्ट नाही, बातमी तर नाहीच. मावशीने चार दिवस रिमोटवर तोच नंबर दाबून पाहिला आणि नाद सोडला.

ती वाहिनी नेमकी का गेली हे आम्हाला आजही कुणी सांगितलेलं नाही. पण अशा वाहिन्या ज्या नियमांखाली जगतात ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचले, आणि प्रत्येक कार्यकर्त्याने ते वाचावेत असं मला वाटतं.

मोठ्या वाहिनीला केबल कंपनी पैसे देते. लहान, फुकट दिसणाऱ्या वाहिनीला उलट केबल कंपनीला पैसे द्यावे लागतात. याला कॅरेज फी म्हणतात, म्हणजे वाहून नेण्याचं भाडं. ट्रायच्या २०१७ च्या नियमांत साध्या वाहिनीसाठी याची कमाल मर्यादा दर ग्राहकामागे महिन्याला २० पैसे ठेवली होती. वीस पैसे ऐकायला काहीच वाटत नाही. पण कंपनीचे एक लाख ग्राहक असतील तर ते महिन्याला वीस हजार होतात, आणि ते एकाच कंपनीचे. राज्यभर दिसायचं तर अशा कितीतरी कंपन्या. त्यातून गंमत अशी, की हे भाडं वाहिनी घेणाऱ्या घरांवर लागत नाही, कंपनीच्या सगळ्या घरांवर लागतं. वाहिनी पाच टक्क्यांपेक्षा कमी घरांत असेल तर पूर्ण वीस पैसे. घरं वाढली की भाडं टप्प्याटप्प्याने कमी. वीस टक्के घरांत पोचली की भाडं शून्य. म्हणजे जी वाहिनी सगळ्यात कमी घरांत पोचते तिने सगळ्यात जास्त द्यायचं आणि जी पोचलेलीच आहे तिला माफ. शिवाय लागोपाठ सहा महिने पाच टक्क्यांच्या खाली राहिली तर केबल कंपनी ती वाहिनी काढूनच टाकू शकते. २०२० मध्ये या भाड्याला महिन्याला चार लाखांची वरची मर्यादा घातली. वीस पैशांनी भागून बघा, ती मर्यादा वीस लाख ग्राहकांच्या पुढे लागते. छोट्या शहरात, छोट्या केबलवर दिसू पाहणाऱ्या वाहिनीला तिचा काडीचा उपयोग नाही.

आता प्रश्न असा की एखादी वाहिनी किती घरांत पोचणार हे ठरवतं कोण? कागदावर ग्राहक. प्रत्यक्षात केबल कंपनीच, कारण बहुतेक घरं कंपनीने बनवून दिलेला पॅक डोळे मिटून घेतात. त्या पॅकमध्ये वाहिनी घातली तर टक्का वाढतो, नाही घातली तर पडतो. घालणारा तोच, मोजणारा तोच, भाडं घेणारा तोच. दूरदर्शनच्या फ्री डिशवर बघणाऱ्याला महिना भरावा लागत नाही हे खरं, पण खाजगी वाहिनीला तिथली जागा लिलावात घ्यावी लागते. त्या लिलावात आपली वाहिनी कुणासमोर उभी राहणार?

१९२० मध्ये 'मूकनायक' निघत होता तेव्हा पैसे देऊनही जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला, हे आपण दर ३१ जानेवारीला भाषणात सांगतो. आज असं तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. दरपत्रक पाठवतात. त्यात जात कुठेही लिहिलेली नसते, म्हणून त्याविरुद्ध घोषणा सुचत नाही.

तुलना करा. पैशाच्या वाहिन्या पाच-सहा दिवस बंद राहिल्या, तर देशभर बातम्या झाल्या, हायकोर्टात वकील उभे राहिले. नियम असा आहे की प्रसारकाने सिग्नल तोडण्याआधी केबल कंपनीला तीन आठवड्यांची लेखी, कारणांसह नोटीस द्यायची आणि केबल कंपनीने पंधरा दिवस आधी त्याच वाहिनीवर पट्टी चालवून ग्राहकाला कळवायचं. त्या आठवड्यात हा नियम कुणी किती पाळला यावर कंपन्या आपसात वाद घालू शकतात, कारण त्यांच्याकडे कागद आहेत. मावशीची वंदना बंद झाली त्याला वादही म्हटलं गेलं नाही. वाद व्हायला दोन बाजू लागतात. तिथे दुसरी बाजू म्हणून आपण उभं राहायला हवं होतं, आणि आपण बैठकीत बायांना पुस्तकं वाचायला सांगत होतो.

कुणी म्हणेल, आता यूट्यूब आहे, आपली सगळी माणसं तिथे आहेत, केबल कोण बघतं? हा लेख मोबाईलवर वाचणाऱ्यांसाठी ते खरं आहे. पण आपल्या आया, मावश्या, आज्या अजून रिमोटवरच आहेत, आणि विहारात दर पौर्णिमेला येणाऱ्यांत त्याच जास्त असतात.

आम्ही मग दोन गोष्टी केल्या. पहिली साधी. फुकट दिसणारी वाहिनी आपल्या भाड्यातल्या वाहिन्यांमध्ये मागून घ्यायला वेगळा पैसा लागत नाही, पण मागावी लागते. तसा लेखी अर्ज घरोघरी भरून घेतोय. सोबत सेट टॉप बॉक्सचा नंबर, तारीख, सही. केबल कंपनीच्या लाखोंच्या आकड्यात आमची वस्ती म्हणजे चिमूटभरही नाही, हे मला माहीत आहे. एका वस्तीने वीस टक्के होत नाहीत. पण शहरातल्या प्रत्येक विहाराने हे केलं तर टक्का दिसायला लागेल, आणि तो आकडा वाहिनीलाही कंपनीसमोर ठेवता येईल.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९९७ च्या ट्राय कायद्याचं कलम १४ काढून वाचा. दूरसंचार आणि प्रसारणातले वाद ज्या न्यायाधिकरणापुढे चालतात, त्या टीडीसॅटपुढे दोन कंपन्या जाऊ शकतात तसाच 'ग्राहकांचा गट'ही कंपनीविरुद्ध जाऊ शकतो. एकट्या ग्राहकासाठी ग्राहक आयोग आहे, गटासाठी हे दार आहे. दिल्लीत आहे, खर्चिक आहे, वकील लागेल, सगळं मान्य. पण कंपन्यांच्या भांडणात ज्याचं नाव कुठेच नाही असं मी वर म्हटलं, त्याचं नाव निदान कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे वकिली करणारी मुलं-मुली कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणी हे कलम वापरून पाहायला तयार असेल तर मी वस्तीतली माणसं द्यायला तयार आहे.

त्यासाठी पावत्या लागतात. आमच्या यादीत आतापर्यंत ६३ घरं झाली आहेत. त्यात भाऊंचं घरही आहे. सही त्यांच्या बायकोची आहे, आणि बॉक्सचा नंबर वाचून दाखवायला चष्मा लावून भाऊच खाली वाकले होते. ६३ पैकी पावती फक्त नऊ जणींकडे निघाली. बाकीच्यांचा हिशेब केबलवाल्याच्या वहीत आहे. वही दाखवायला तो तयार आहे. झेरॉक्स काढू द्यायला अजून तयार नाही, कारण त्याच वहीत त्याचं वरच्या कंपनीकडचं देणंही लिहिलेलं आहे.